पाचव्या नटाचे मूळ मालक यांस

रा. रा. भंगारशेठ यांसी,


पत्र मराठीत लिहितोय, याचं कारण सरळ आहे. आयोवातल्या आपल्या गावाच्या आसपास साठ मैलांत जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचं ठिकाण एकच, ते तुमचं. इंग्रजीत मनातलं सगळं लिहून टाकलं, तर पुढचा रेडिएटर मागायला कुणाच्या दारात उभा राहू? तेव्हा हे पत्र साऱ्या जगासाठी खुलं आहे, तुमच्यापुरतं तेवढं बंद आहे.

ओळख पटावी म्हणून सांगतो. मार्चमध्ये, बर्फ पुरता वितळायच्या आत, तुमच्या शेडमधून २००१ सालची शेव्हरले कॅव्हेलियर ९०० डॉलर रोख मोजून नेणारा तो भारतीय इंजिनिअर मी. गाडी पांढरी. म्हणजे जिथे रंग उरला होता तिथे पांढरी. तुम्ही बॉनेटवर थाप मारलीत आणि म्हणालात, गाडी रेस-रेडी आहे, नंबर रंगवा आणि शुक्रवारी पळवा. थाप हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरतात. त्या क्षणी तुम्ही दोन्ही मारल्यात.

खरं तर मी फसायला नको होतं. माझं लहानपण कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मामाच्या गॅरेजात गेलं. जुनी गाडी घेताना मालकाचं तोंड बघू नये, सायलेन्सरचं तोंड बघावं, हे मामाने मी सातवीत असताना शिकवलं होतं. तुमच्या शेडमध्ये मी नेमकं उलटं केलं. तुमच्या तोंडावर काय ते सात्त्विक तेज होतं! रविवारी चर्चमध्ये घंटा वाजवणारा माणूस वाटलात. सायलेन्सरमधून निघालेला निळा धूर थंडीमुळे असेल, असं मीच स्वतःला समजावलं.

मराठी वाचकांना हा खेळ थोडा समजावून सांगतो. तुम्ही तोवर कॉफी घ्या.

अमेरिकेत गाड्यांच्या शर्यती म्हटलं की टीव्हीवरची नॅस्कार डोळ्यांसमोर येते. ती वरची माडी झाली. तळमजला आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी असतो. इथे प्रत्येक काउंटीचं जत्रेचं मैदान असतं आणि त्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीचे लंबगोल ट्रॅक असत. मोटारी आल्या आणि त्याच मातीवर धावू लागल्या. जत्रांमधल्या या शर्यतींचं नियमन करणारी आयएमसीए ही संघटना १९१५ सालची, म्हणजे नॅस्कारपेक्षा तेहतीस वर्षांनी मोठी. तिचं मुख्यालय आयोवातल्याच व्हिंटन या छोट्याशा गावी आहे. दर सप्टेंबरात बून इथे तिची मोठी जत्रा भरते आणि दूरदूरचे लोक ट्रेलर जोडून येतात. नॉक्सव्हिल नावाच्या गावातला अर्ध्या मैलाचा ट्रॅक तर स्प्रिंट कार नावाच्या पंखवाल्या राक्षसांचं पंढरपूर. १९६१ पासून तिथे वारी आहे.

या सगळ्या उतरंडीत अगदी बुडाला आमचा वर्ग. चार सिलिंडर, पुढच्या चाकांनी ओढणारी, भंगारात जायच्या वाटेवर असलेली छोटी गाडी घ्यायची. काचा, सीट, गालिचे उपटून टाकायचे, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करायचा आणि सहाशे मीटरच्या मातीच्या गोलावर डावीकडे वळत राहायचं. फक्त डावीकडे. कोल्हापूरहून आईने व्हिडिओ कॉलवर हे सारं पाहिलं आणि म्हणाली, “यापरीस घाण्याचा बैल बरा, तेल तरी निघतं.” तेल इथेही निघतं, शेठ. दर शुक्रवारी अर्धा लिटर, इंजिनाखालून.

आता मूळ मुद्दा. तुम्ही म्हणाला होतात की हजार डॉलरमध्ये अख्खा सीझन होतो. ९०० गाडीचे आणि शंभर वरखर्चाला. हा हिशेब तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? माझ्या मुलांना तिथे घालायचं नाही म्हणून विचारतो.

पहिल्या तपासणीचा दिवस आठवतो. गाडी ट्रॅकवर सोडण्याआधी तपासनीस ती पाहतो. आमचे तपासनीस म्हणजे सत्तरीचे, डगल्यात टॉर्च आणि तोंडात काडी असलेले आजोबा. त्यांनी पिंजऱ्याचे जोड ठोकून पाहिले, बॅटरीची पट्टी ओढून पाहिली. मग सीटच्या पट्ट्यांवरचं लेबल टॉर्चने वाचलं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, पट्टे गाडीबरोबरच आलेत. मूळ मालक म्हणाले, एकदम चांगले आहेत.

आजोबांनी लेबल मला दाखवलं. २००९. या पट्ट्यांना औषधासारखी मुदत असते, दोन वर्षांत बदलायचे असतात. उन्हाने आणि मातीने धागा कुजतो, वरून दिसत नाही. आजोबांनी काडी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली, खिशातून चाकू काढला आणि पाचही पट्टे कचाकच कापून माझ्या हातात दिले. परत विकले जाऊ नयेत म्हणून, म्हणाले. कुणाकडून विकले जाऊ नयेत, हे त्यांनी सांगितलं नाही. तुमच्या शेडच्या दिशेने नुसतं पाहिलं.

या एका गोष्टीवर मी विनोद करणार नाही. १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीला डेल अर्नहार्ट भिंतीवर आदळला आणि गेला. नॅस्कारचा सात वेळचा विजेता, या देशातल्या अर्ध्या गॅरेजांत ज्याच्या तीन नंबरचं चित्र लावलेलं असतं तो माणूस. डोकं आणि मान जागेवर धरून ठेवणारं उपकरण तेव्हा बाजारात मिळत होतं, त्याने ते घातलं नव्हतं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॅस्कारने ते सक्तीचं केलं. ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी आपली कॅव्हेलियर कारखान्यातून बाहेर पडली. मी ते मानेचं उपकरण घेतलं, तुमच्या गाडीच्या निम्म्या किमतीला. मग नवे पट्टे, न जळणारा अंगरखा, शर्यतीचं हेल्मेट, ॲल्युमिनियमची सीट, खिडकीची जाळी, फेऱ्या मोजणारा ट्रान्सपाँडर. गाडी ९०० ची आणि तिच्यात बसणारा माणूस दोन हजाराचा. आयुष्यात पहिल्यांदाच माझी किंमत गाडीपेक्षा जास्त झाली, याबद्दल तुमचे आभार.

मेच्या पहिल्या शुक्रवारी मी मातीवर उतरलो.

ती माती पाहून मला गावची तालीम आठवली. आमच्याकडे आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळतात. इथे टँकरने पाणी मारतात, ग्रेडरने खरवडतात आणि मग सगळ्या गाड्यांना हळूहळू गोल फिरवून ती चाकांनी तुडवून घेतात. संध्याकाळी सहाला ती मळलेल्या कणकेसारखी असते, टायरला चिकटते. रात्री दहापर्यंत तीच माती काळी, घोटीव, शहाबादी फरशीसारखी होते आणि चाकांना धरायला काही उरत नाही. एका रात्रीत तीन वेगवेगळे ट्रॅक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तरी कशाला सांगाल? तुमच्या मते गाडीच रेस-रेडी होती, माणूस कसा का असेना.

कानात एक छोटा रिसीव्हर असतो. त्यातून शर्यतीचे पंच सूचना देतात. आपल्याला फक्त ऐकू येतं, उत्तर देता येत नाही. कंसाला ऐकू आली तशी ही आकाशवाणी. मला त्या रात्री पहिली आकाशवाणी झाली ती अशी: पांढरी गाडी, तुझ्यासाठी निळं निशाण दाखवतोय, वाट दे. निळ्यावर पिवळा तिरपा पट्टा. मागून वेगवान गाड्या येताहेत, बाजूला हो, असा त्याचा अर्थ. मला वाटलं होतं की नवीन माणूस म्हणून कौतुकाने हलवताहेत. मी हात केला.

आणि मग तिसरं वळण. मागची चाकं सुटली. रस्त्यावर वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाचा पाय अशा वेळी जे करतो तेच माझ्या पायाने केलं. ॲक्सिलरेटर सोडला. झालं! पुढून ओढणाऱ्या गाडीत पाय सोडला की वजन पुढे येतं, मागची बाजू आणखी हलकी होते आणि शेपूट डोक्याला गाठायला धावतं. मी दोन प्रदक्षिणा घातल्या आणि उलट्या तोंडाने थांबलो. समोरून चौदा गाड्यांचे चौदा बंपर माझ्याकडे येत होते. तेवढ्या दोन सेकंदांत मला गृहकर्जाचा उरलेला आकडा सेंटसकट आठवला. चौदाही जण बाजूने गेले. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागी, आल्यावर तुम्ही खुर्चीत बसल्या बसल्या म्हणालात, घसरली की पाय सोडायचा नाही, दाबायचा, ती स्वतःच सरळ होते. बरोबर होतं. पण हे वाक्य मार्चमध्ये, ९०० डॉलरच्या आत बसत नव्हतं का?

आता त्या नटाकडे येतो.

आपल्या गाडीच्या प्रत्येक चाकाला पाच नट. वीस नटांपैकी एकोणीस नट एकोणीसच्या पान्ह्याने निघतात. योगायोग सुंदर आहे. विसावा, म्हणजे डाव्या मागच्या चाकाचा पाचवा, कशानेच निघत नाही. एकोणीसचा पान्हा त्यावर बसत नाही, वीसचा अडकतो, एकवीसचा गरगर फिरतो. इंचाच्या मापाचा अख्खा सेट आणला, तोही हरला. हवेच्या गनने प्रयत्न केला तर गनचा सॉकेट फुटला. मामाला व्हिडिओवर दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्याजवळ नेला आणि निकाल दिला: “ह्यो गाडीचा न्हाई. शेतीच्या कशाचा तरी हाय. आटे मारून बसीवलाय.” तेरा हजार किलोमीटरवरून! त्याच्या मते कुणीतरी एका रात्री नट हरवला म्हणून हाताला लागला तो मक्याच्या ट्रॉलीचा नट ठोकून बसवला. ते कुणीतरी कोण असावं, यावर मी तर्क करत नाही.

तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, ते चाक काढायची वेळच येत नाही. मी हसलो होतो. पुढच्याच शुक्रवारी माझा फोटो आला, वळणातला. गाडी उजव्या अंगाला कलंडलेली आणि डावं मागचं चाक जमिनीपासून वीतभर वर, हवेत नुसतं फिरतंय. पुढून ओढणाऱ्या गाड्या डावीकडे वळताना आतलं मागचं चाक असं उचलतात. म्हणजे ज्या चाकाला जमिनीशी देणंघेणंच नाही, तिथेच तुम्ही तो नट ठोकलात. शेठ, याला मी अप्रामाणिकपणा म्हणू शकत नाही. ही अभियांत्रिकी आहे. फक्त माझी पंचाईत अशी, की लोक दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या घेराचे टायर लावतात, उजवा मोठा आणि डावा छोटा, म्हणजे गाडी आपसूक डावीकडे ओढते. मला मागच्या बाजूला तो खेळ करता आला नाही. मेमध्ये होता तोच टायर सप्टेंबरातही होता. त्यावरचे नवेपणाचे रबरी केस अजून तसेच आहेत.

जूनबद्दल फार लिहीत नाही. तीन शुक्रवार पाऊस लागला. मातीचा ट्रॅक ओला झाला की शर्यत रद्द, आणि माझ्या बँकेतल्या शिलकीला तेवढाच विसावा. एका रात्री पाणी उकळलं. रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत काळे दाणे तरंगत होते. बोटाने उचलून वास घेतला. मिरी! रेडिएटर गळू लागला की आमच्याकडे ट्रकवाले हळद घालतात, ती जाऊन भोकात बसते आणि गळती चार दिवस थांबते. तुम्ही लोक मिरपूड घालता. मसाला वेगळा, पाप एकच. त्या रात्री तुमच्याबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली, हे कबूल करतो.

त्याच सुमारास ऑफिसात कुणीतरी विचारलं, भारतीय लोक हे करतात का? मी छाती काढून नारायण कार्तिकेयनचं नाव सांगितलं. फॉर्म्युला वन करून आलेला हा गडी २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला, मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, आणि त्या वर्षी मालिकेतला सर्वांत लोकप्रिय चालक ठरला. मतदान इंटरनेटवर होतं. मतं कुठून पडली असतील, हे मी ऑफिसात सांगत बसलो नाही.

आता जुलै. तुमची कन्या.

वय वर्षं सतरा, लाल गाडी, हेल्मेटवर चिकटवलेली सूर्यफुलं. तुम्ही मला गाडी विकताना म्हणाला होतात, घरात एक पोरगी आहे, ती पण थोडंफार चालवते. थोडंफार! दर शुक्रवारी ती माझ्या शेजारून जाताना हात करायची, आणि दर शुक्रवारी मला वाटायचं की मुलगी किती संस्कारी. जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी फीचरमध्ये, म्हणजे रात्रीच्या मुख्य शर्यतीत, पंधरापैकी अकराव्या फेरीला मी चौथा होतो. चौथा, शेठ! सीझनभर जिथे जायचं स्वप्न होतं तिथे. आतली कड धरून होतो, पाय सोडत नव्हतो, डाव्या पायाने हलका ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर, सगळं जमत होतं. तेवढ्यात मागच्या बंपरला एक टिचकी बसली. धडक म्हणत नाही. नळावरच्या रांगेत मागची बाई पुढच्या बाईच्या घागरीला आपली घागर लावते, तेवढंच. इथले लोक त्याला क्रोमचा हॉर्न म्हणतात. खरा हॉर्न गाडीतून काढून टाकलेला असतो, मग बंपरनेच कळवायचं.

मी आत फेकला गेलो. ट्रॅकची आतली हद्द कळावी म्हणून ट्रॅक्टरचे जुने टायर मातीत अर्धे गाडून ठेवलेले असतात. त्यातल्या एकावर उजवं पुढचं चाक चढलं आणि काहीतरी कडाड मोडलं. मी पोटासाठी ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम करतो. त्या टायरवर आपटताना कामावर असल्यासारखंच वाटलं.

ओढून आणलेली गाडी पिटमध्ये बघत उभा होतो. खालचा कंट्रोल आर्म वाकून धनुष्यासारखा झालेला, पिंजऱ्याच्या पायाजवळचा पत्रा फाटलेला. तेवढ्यात तुमची कन्या आली. हेल्मेटखालून केस घामाने चिकटलेले, हातात आमच्यापेक्षा भारी जॅक. माफी मागितली. मग लगेच म्हणाली, “तुम्ही वळणाच्या मध्यावर हळू होता. मी दोन फेऱ्या थांबले होते.” आणि जॅक गाडीखाली सरकवून बोल्ट सोडवायला बसली. यावर मी काय बोलणार? सतराव्या वर्षी मला मामा सायकलचं पंक्चरही एकट्याला काढू देत नव्हता.

मागोमाग तुम्ही आलात, वेल्डिंगचं मशिन ढकलत. पिटमधले दिवे अकराला मालवतात. तुम्ही पिकअपचे हेडलाइट लावले, मुखवटा खाली घेतला आणि फाटलेला पत्रा शिवायला लागलात. साडेबारा वाजले. दुसऱ्या संघांची माणसं, त्यात त्या रात्री मीच ज्याला कडेने घासलं होतं तो माणूसही, टॉर्च धरून उभी. कुणीतरी मक्याची कणसं भाजलेली आणून दिली. मी कंट्रोल आर्मचं विचारलं. तुम्ही म्हणालात, शेडमागे तुमच्याच गाडीची बहीण उभी आहे, तिचा देतो. वेल्डिंगचे किती? तुम्ही मुखवटा वर न करता मान हलवलीत. आर्मचे मात्र २५ डॉलर घेतलेत, आणि मला फार बरं वाटलं. तोही फुकट दिला असतात तर मला या पत्राचं कामच उरलं नसतं.

आणि तुमचा खरा गुन्हा हाच आहे. पट्टे, मिरपूड, नट हे सगळं मी एक वेळ पोटात घातलं असतं. पण त्या रात्री घरी जाऊन मी बायकोला सांगणार होतो की झालं एवढं पुरे, गाडी विकतो. वाक्य पाठ करून ठेवलं होतं. पहाटे दोनला ती दार उघडून उभी, आणि मी तिला सांगत होतो की वळणाच्या मध्यावर मी हळू होतो, पुढच्या आठवड्यात बघ. ती दोन मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, “आधी नाकातली माती काढ.”

सीझनचा लेखाजोखा देतो, तुम्हाला आवडेल. सतरा शुक्रवार. त्यातले तीन पावसाने खाल्ले. चौदापैकी नऊ वेळा फीचर पूर्ण केली. सर्वोत्तम क्रमांक पाचवा, सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी. त्या रात्री पुढची दोघं एकमेकांत अडकली हे खरं, पण निकालाच्या कागदावर तसं लिहीत नाहीत. नवोदितांच्या बक्षिसासाठी आम्ही दोघेच होतो. दुसरा एक पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याला त्याची आई ट्रेलर ओढून ट्रॅकवर सोडते, कारण त्याला रस्त्यावर एकट्याने गाडी चालवायचा परवाना अजून नाही. मी दुसरा आलो.

खर्च ६,१४० डॉलर, ट्रेलर धरून. बक्षिसाची कमाई ३१० डॉलर. शेवटची रात्र इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीतल्या आरतीशी आपटली. प्रसादाला उशिरा पोचलो. कानाच्या पाळीमागे चिखल होता. एका काकांनी विचारलं, बागकाम का? हो म्हणालो. समोर गजानन, तरी खोटं बोललो. ते पाप तुमच्या खात्यावर टाकतो. तिथे जागा आहे.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली आणि त्या पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधली सात वर्षं माझ्या गावची काही माणसं बैल न विकता दावणीला बांधून का बसली होती, मला तेव्हा कळायचं नाही. एवढा चारा, एवढा खर्च, आणि शर्यत तर नाही. परवा मी गॅरेजात गाडीवर ताडपत्री घालत होतो. बाहेर ऑक्टोबरचा वारा. पुढची शर्यत एप्रिलच्या आधी नाही. तरी मी ताडपत्रीखाली हात घालून ऑइलची काडी ओढून पाहिली. का, ते विचारू नका.

तेव्हा शेठ, तक्रार एवढीच. कळावे. लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
फसलेलं गिऱ्हाईक

ता. क. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून शनिवारी सकाळी दहाला मी स्वतः येतोय. घरी असा. शेडमागच्या त्या बहिणीचा दरवाजा मला हवाय, उजवा. आणि पाचव्या नटाचा पान्हा शोधून ठेवा. मक्याच्या ट्रॉलीच्या पेटीत असेल.